विनंती पाठवली आहे

पंडित गुरुजींच्या हाताखालून गेलेला माणूस गावात ओळखायला सोपा. समोरच्यानं अचानक हात वर केला, मग तो टोपी सारखी करायला का असेना, की या माणसाची मान आपोआप खांद्यात जाते. सरपंचाची जाते, डेअरीच्या सेक्रेटरीची जाते, आणि ग्रामसभेत हात वर करून ठराव मंजूर करायची वेळ आली की अर्धी सभा कासवासारखी दिसते.

गुरुजींना याचा अभिमान होता. आपण शिकवलेलं किती जणांच्या डोक्यात राहिलं, याची हमी त्यांना देता आली नसती. मानेत मात्र राहिलं होतं.

पुढे छडी कायद्यानं बंद झाली. गुरुजींनी कायदा पाळला, म्हणजे मुलांच्या वाट्याचा मार वस्तूंना द्यायला लागले. टेबलाचा पाय गेला, दाराची कडी गेली, हातपंपाचा दांडा एकदा असा तुटला की बायका आठवडाभर विहिरीवर गेल्या. मार कुठे जात नसतो. तो फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळता होतो.

त्यात मोबाईल आला, आणि मोबाईलमागून लिंक आली. रोज सकाळी ग्रुपवर एक लिंक यायची आणि खाली हुकूम: 'आजच भरावी.' शौचालयं किती, नळ चालू किती, जंताच्या गोळ्या किती पोरांनी गिळल्या, किती जणांनी थुंकल्या. गुरुजींनी जन्मभर रजिस्टरं भरली होती, पाण्याच्या टाक्या भरल्या होत्या, वेळ पडली तर कुणाच्या कानाखाली भरली होती. लिंक मात्र त्यांना भरता येईना. ते बोट असं दाबत की काच तडकायची. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, हा मोबाईल शे, अंगठा नही उठाडना." दुकानदाराची मान लगेच खांद्यात गेली, कारण तोही त्यांचाच विद्यार्थी.

शेवटी धरणगावला प्रशिक्षण लागलं. शिकवायला हितेंद्र सर, वयानं गुरुजींच्या मुलाएवढा. शिक्षण खात्यात अशा माणसाला 'तंत्रस्नेही' म्हणतात. म्हणजे ज्याचा यंत्राशी स्नेह आहे आणि माणसांशी असायची सक्ती नाही. त्यानं भिंतीवर तालुक्यातल्या शाळांची यादी पाडली. ज्यांची माहिती पूर्ण त्या हिरव्या, अर्धवट त्या पिवळ्या. खाली एकच शाळा लाल होती.

"नाना," हितेंद्र सर गुरुजींना सगळ्यांसमोर म्हणाला, "ही तुमची. बाकीचं आपण करून घेऊ. पण भेटीला आलेल्या साहेबांनी डोकी मोजली, त्यात तुमच्याकडे एक मूल जास्त बसलेलं निघालं. पोर्टलवर नोंदच नाही. कोण आहे ते?"

"पाहुणी आहे," गुरुजी म्हणाले.

"पाहुण्यांची पण एन्ट्री लागते, नाना."

हॉल हसला. ते एक वेळ चाललं असतं. पण शेजारी बसलेले पाचोऱ्याकडून बदलून आलेले एक गुरुजी, स्वभावानं विनोदी, ते म्हणाले, "नाना, तुमच्या शाळेला हळद लागायची राहिली वाटतं. कुंकू मात्र भरपूर लागलंय!"

आवाज असा झाला की मागच्या रांगेला वाटलं, पंखा पडला. विनोदी गुरुजींचा चष्मा चहाच्या ट्रेमध्ये जाऊन पडला, आणि ओठ दातात अडकून फाटला तो पुढे तीन टाके घेऊन मिटला. दोघांना धरून दोन कोपऱ्यांत बसवलं. पंडित गुरुजींच्या निवृत्तीला थोडंच राहिलंय म्हणून तक्रार नको, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. अहवालात लिहिलं गेलं: 'चर्चा उत्साहात पार पडली.'

ती पाहुणी म्हणजे डिंपल. इयत्ता दुसरी.

शाळेत खिचडी शिजवणारी सुनंदाबाई. तिची भाची कामिनी धुळ्याकडे दिलेली. कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी ही कामिनी मावशीच्या दारात उभी राहिली. जबडा सुजून एका बाजूला गेलेला, कानामागे टाके, एक हात गळ्यात आणि दुसऱ्या हाताला डिंपल. नवरा भूपेंद्र स्वतःचं जेसीबी चालवायचा. मारहाणीतही त्याचं काम व्यवस्थित असायचं. आधी मारायचा, मग स्वतःच गाडीत घालून दवाखान्यात न्यायचा, आणि डॉक्टरला सांगायचा, जिन्यावरून पडली. त्यांच्या घराला जिनाच नव्हता. डॉक्टरनं कधी विचारलं नाही.

शेवटच्या खेपेला त्यानं तिच्या गळ्यावर पाय ठेवला आणि अगदी शांतपणे सांगितलं, "पळालीस तर शोधीन. आणि शोधली तर परत न्यायला शोधणार नाही, एवढं ध्यानात ठेव."

ती पळाली. सुनंदाबाई तिला घेऊन गुरुजींकडे आली.

"गुरुजी, पोरले वर्गमा बसू द्या. पन तिनं नाव कथाच चढवू नका. कागदवर नको, मोबाईलमा नको. त्याले पत्ता लागना ना, ते तो हिले मारी टाकी."

गुरुजींनी छातीवर हात ठेवला. "सुनंदाबाई, आठे, ह्या शाळामा, सरकार मीच शे."

शब्द दिला तेव्हा तो खरा होता. गुरुजींनी मुलांना मारलं असेल, पण दिलेला शब्द फिरवला, असं गावात कुणी म्हणालं नसतं. शिवाय डिंपलचं त्यांना काही वेगळंच वाटायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी फळा पुसायला हात वर केला, तर बाकीच्या मुलांच्या माना खांद्यात गेल्या आणि ही सबंध बाकाखाली गेली. तिला बाहेर काढायला मधली सुट्टी लागली. आपल्याहून मोठा मारणारा या पोरीनं पाहिलाय, हे गुरुजींना कळलं, आणि ते त्यांना आवडलं नाही. का आवडलं नाही, याच्या खोलात ते गेले नाहीत.

प्रशिक्षणाहून आल्यावर गुरुजी लाल रंगानं पेटले होते. त्यांनी हितेंद्र सरचे व्हिडिओ पाहून पाहून बोट हलकं करायला शिकून घेतलं. मुलांना पाढे लावून द्यायचे आणि आपण माहिती भरत बसायचं. नळ भरले, शौचालयं भरली, वजन-उंची भरली. गुरुजींना त्यात गंमत वाटायला लागली. एकेक चौकट हिरवी झाली की, एखाद्या द्वाड पोराला वठणीवर आणल्यासारखं वाटायचं. शाळा लालवरून पिवळ्यावर आली. हिरवी होईना. एक डोकं जास्त.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गुरुजी एकटेच खुर्चीत बसले आणि 'विद्यार्थी शोधा' यात डिंपलचं नाव टाकलं, नुसतं पाहायला. नाव निघालं. धुळ्याकडची जुनी शाळा निघाली. खाली निळं बटण होतं: 'बदली विनंती पाठवा'.

आता इथे गुरुजींच्या डोक्यात काय चाललं ते नीट पाहायला हवं, कारण मूर्खपणा नव्हता तो. उभ्या नोकरीचा अनुभव होता. त्यांच्या हिशेबात विनंती ही चीज वर जाते. शिक्षक केंद्रप्रमुखाला करतो, केंद्रप्रमुख बीईओला, बीईओ जळगावला, जळगाव पुण्याला. मग ती कुठेतरी मुरते आणि माणूस निवृत्त होतो. विनंती आडवी जाते, एका मास्तरकडून दुसऱ्या मास्तरकडे, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आणि शब्द काय दिला होता? नाव चढवणार नाही. इथे नाव कोण चढवतंय? साधी विनंती. ती वर जाईल, कुणी साहेब पाहील न पाहील, तोवर आपली चौकट तरी पिवळ्यातून निघेल.

त्यांनी बटण दाबलं. हलक्या बोटानं.

'विनंती पाठवली आहे,' पडद्यावर आलं.

गुरुजींनी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. हितेंद्र सरचा लगेच अंगठा आला आणि खाली: 'नाना, तुम्हीच खरे तंत्रस्नेही!' ओठाला टाके पडलेल्या विनोदी गुरुजींनीसुद्धा हात जोडलेले दोन पाठवले. गुरुजी त्या दिवशी घरी जाताना हातपंपाजवळ थांबून उगाच पाणी प्याले.

मंगळवारी, खिचडीचं आधण आलेलं असताना, फोन वाजला.

"नमस्कार सर. मी रुपचंद बोलतोय, धुळ्याकडून. डिंपलच्या जुन्या शाळेचा मुख्याध्यापक. तुमची विनंती आली होती ना, ती मंजूर केली बरं का आता."

"माझी विनंती... तुमच्याकडे आली?"

"मग कुणाकडे येणार?" रुपचंद सर हसले. माणूस गोड होता, कामाला चोख. "नियमाप्रमाणे आधी पालकांना बोलावून विचारलं. हो, उगाच नंतर भानगड नको. वडील इतके भावुक झाले सर, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पोरगी सुखरूप आहे ना, शिकतेय ना, एवढंच विचारत होते. म्हणाले, तिचं दप्तर इथंच राहिलंय, मी स्वतः नेऊन देतो."

"कधी?"

"निघाले की सकाळीच. मित्राची पिकअप आहे. तुमचं गाव फाट्यावरून आत आहे म्हणून मी त्यांना नकाशाची लिंकच पाठवून दिली. हल्ली किती सोपं झालंय नाही सर सगळं?"

गुरुजींनी फोन ठेवला नाही. तो हातातून पडला.

खिचडीची खोली वर्गाला लागूनच. सुनंदाबाई डाव फिरवत होती, कामिनी मिरच्या चिरत होती. गुरुजी दारात उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. गोल फिरवून नाही सांगितलं, हे त्यांच्या बाजूला जमा धरावं लागेल.

"कोनले पाठाडी विनंती?" सुनंदाबाईला आधी कळेचना. "कोनले?"

"माले वाटनं, वर जास."

सुनंदाबाईनं उकळत्या पातेल्यातला डाव काढला आणि तसाच गुरुजींच्या तोंडावर हाणला. गाल चर्र झाला. ते हलले नाहीत. तिनं दुसरा हाणला, खांद्यावर. "तुमना हातले किडा पडोत, गुरुजी! सरकार शेतस ना तुम्ही? सरकार!"

कामिनी ओरडली नाही. तिनं सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि विचारलं, "किती वाजता निघाला म्हणाले?"

"सकाळीच."

"मग पोचलाच असेल." ती हे ज्या आवाजात बोलली, त्या आवाजात बायका दूध उतू गेल्याचं सांगतात.

गावाबाहेर जाणारा रस्ता एकच, आणि तोच त्याचा यायचा. गुरुजींनी पोलिसांना फोन लावला. गाडी निघते, असं उत्तर मिळालं. मग त्यांनी कामिनीला वर्गात मुलांमध्ये घातलं, डिंपलला तिच्याजवळ दिलं, बाहेरून कुलूप ठोकलं. किल्ली हातात घेऊन ते क्षणभर इकडेतिकडे पाहत राहिले. खिशात ठेवली तर खिसा फाडून घेईल. फेकली तर शोधील. खिचडी रटरटत होती. त्यांनी किल्ली त्यात टाकली.

"आते काय येडा व्हयनात का?" सुनंदाबाई म्हणाली.

पिकअप फाटकातून आत आली ती फाटक घेऊनच. पुढून दोघे उतरले. भूपेंद्रच्या खांद्याला खरंच लहान मुलीचं गुलाबी दप्तर होतं. मागचा मित्र आडदांड, त्याच्या हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी.

"नमस्कार सर," भूपेंद्र म्हणाला. इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल. "मी पालक. मंजुरी दिलीय मी. लेकीला भेटायचं होतं."

"शाळा सुटल्यावर भेट," गुरुजी म्हणाले. ते दाराला पाठ लावून उभे होते.

"बायकोलाही भेटायचं होतं."

"ती नाही इथं."

आतून कुणीतरी पोर रडलं, आणि कुणीतरी त्याचं तोंड दाबलं. भूपेंद्र हसला. त्यानं दप्तर काढून नीट भिंतीला टेकवून ठेवलं, मित्राच्या हातातली टॉमी घेतली आणि गुरुजींच्या खांद्यावर उतरवली.

हाड मोडल्याचा आवाज तुरीच्या शेतातली वाळकी तुरखाटी मोडल्यासारखा असतो. गुरुजी गुडघ्यावर आले. जन्मभर मार दिलेल्या माणसाला तो घेताना काय वाटतं, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. दुखण्याच्या आधी लाज वाटते.

"किल्ली."

"खिचडीत आहे."

त्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. दुसरा फटका बरगडीवर बसला. सुनंदाबाई आडवी आली, तर मित्रानं तिचे केस धरून तिला भिंतीवर आपटलं. तिच्या कपाळातून रक्त आलं, आणि तशाच रक्तात ती ओरडली, "खिचडीमाच शे रे, मुडदा! घाल हात!"

मित्रानं पातेल्याला लाथ मारली. शाळेचं पातेलं म्हणजे काही घरचं नव्हे. पन्नास पोरांचं उकळतं अन्न बाहेर आलं ते त्याच्याच पायांवर, मांडीपर्यंत. तो जनावरासारखा ओरडला. भाजलेली चामडी पँटीला चिकटली होती. तो ती ओढत, पुन्हा ओरडत, लंगडत पिकअपकडे पळाला, आणि गाडीत पडून रडायला लागला. किल्ली हळदीच्या भातात कुठेतरी पडली होती. ती शोधायला तिथे कुणालाच हात घालवेना.

एव्हाना गाव जमलं होतं. फुटलेल्या फाटकाच्या बाहेर, अर्धगोलात, प्रत्येकाच्या हातात मोबाईल.

"धरा रे कोनी त्याले!" एक म्हातारी म्हणाली.

"तू धर आजी, मी शूटिंग करी राह्यनू ना!" तिच्या नातवानं सांगितलं.

भूपेंद्रनं कुलपावर टॉमीचे दोन घाव घातले, ते दाद देईना, तसा तो दार सोडून खिडकीशी गेला. खिडकीला गज होते. त्यानं गजांना तोंड लावलं आणि आवाज अगदी मऊ केला.

"डिंपू. ये बेटा. पप्पा आलेत. दप्तर आणलंय बघ."

पोरगी बाकाखाली होती. तो गजातून हात घालून चाचपायला लागला. खिडकीजवळच्या एका मुलाची कॉलर त्याच्या हातात आली, त्यानं तेच ओढलं, पोराचं डोकं गजावर आपटलं. "कामिनी! बाहेर ये, नाहीतर याचं डोकं फोडतो."

कामिनी आली. तिच्या हातात फळ्यावर वर्तुळ काढायचा मोठा लाकडी कंपास होता. त्याच्या एका टोकाला खिळ्यासारखं लोखंडी टोक असतं, फळ्यात रुतायला. तिनं दोन्ही हातांनी तो वर उचलला आणि नवऱ्याच्या पंजात घुसवला. टोक पंजातून पार होऊन खिडकीच्या लाकडात बसलं. पोराची कॉलर सुटली. भूपेंद्रचं तोंड उघडं राहिलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच उलट मारत होती. त्याचा अजून विश्वास बसत नव्हता, आणि टॉमी हातातून गळाली होती.

ती गुरुजींनी उचलली. एक खांदा निकामी होता, तरी एका हातानं उचलली. आधी गुडघ्यावर मारली. भूपेंद्र खाली गेला, तसा कंपासातून पंजा फाटत सुटला. मग दुसऱ्या गुडघ्यावर. मग घोट्यावर. भूपेंद्र आता ओरडत नव्हता. हात जोडत होता, एक फाटका आणि एक साबूत. गुरुजी थांबले नाहीत. कायद्यानं बंद झाल्यापासून टेबलात, दारात, हातपंपात जे जे जमा केलं होतं, ते सगळं व्याजासकट बाहेर येत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. फार वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. बाहेरून कुणीतरी शिट्टी मारली. "आखो गुरुजी! अजून एक!"

"गुरुजी," खिडकीतून कामिनी म्हणाली. "बस करा."

"हा शेवटचा," गुरुजी म्हणाले.

"तोबी दरवेळी हेच म्हणायचा."

गुरुजींचा हात वर होता. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. गजांमागे त्यांचा सगळा वर्ग उभा होता, माना खांद्यात घालून. कामिनीचीही मान खांद्यात होती. भूपेंद्रला भोसकताना जी ताठ होती, ती गुरुजींचा वर गेलेला हात पाहून खांद्यात गेली होती.

टॉमी खाली ठेवायला त्यांना वेळ लागला. बोटं उघडत नव्हती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, कारण ते सगळ्यांच्या मोबाईलवर आहे. पोलीस आले, ते नकाशाची लिंक न मिळाल्यानं उशिरा आले. भूपेंद्र आणि त्याचा मित्र जळगावला सरकारी दवाखान्यात, पायाशी हवालदार. गुन्हा दोन्ही बाजूंवर लागला, गुरुजी निलंबित झाले. हितेंद्र सरनं फोन करून विचारलं, "नाना, काही लागलं तर सांगा," आणि थोडं घुटमळून, "निलंबन काळात पोर्टलचा पासवर्ड कुणाकडे देताय?"

आणि व्हिडिओ. नातवानं काढलेला चांगला आला होता. कुणीतरी त्याला ढोल-ताशा जोडला, वर मजकूर टाकला, 'असे गुरुजी हवेत', आणि तो धुळे-जळगावात घराघरात फिरला. गुरुजींच्या मुलानं मोठ्या कौतुकानं त्यांना दाखवला. गुरुजींनी एकदा पाहिला, पुन्हा पाहिला. मारणारा माणूस त्यांनी पाहिला नाही. त्याच्या डोक्यावरची शाळेची पाटी पाहिली. गाव, तालुका, जिल्हा, सगळं ठळक अक्षरात, आणि त्यातल्या खिडकीत कामिनीचा चेहरा.

तीन दिवसांनी सुनंदाबाईच्या फोनवर भूपेंद्रच्या भावाचा निरोप आला. तोही सभ्य होता. 'दादा दवाखान्यात आहे म्हणून वहिनीनं काळजी करू नये. आम्ही आहोत. घर पाहिलं आहे.'

त्यानंतर विचार करण्यासारखं काही उरलं नाही.

दुपारी फाट्यावर कामिनी उभी होती. एक पिशवी, डिंपल, आणि कपाळाला पट्टी बांधलेली सुनंदाबाई. कापसाच्या रिकाम्या शेतावरून गरम वारा येत होता. गुरुजी गळ्यात हात अडकवून, गालावर भाजल्याचा काळा डाग घेऊन, पायी पायी तिथवर आले. बायकांनी त्यांना पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"कोणतं गाव?" त्यांनी विचारलं. सवयीनं. मुलांना गाव विचारण्यातच त्यांची सगळी नोकरी सरली होती.

कामिनी पिशवीचा बंद आवळत राहिली. "गुरुजी, तुम्ही माझ्यासाठी मार खाल्ला. मी विसरणार नाही. पण तुम्हाला सांगणार नाही."

"मी कुणाला बोलणार नाही."

"ते खरं आहे. बोलणार नाही तुम्ही," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "मागच्या वेळीही बोलला नव्हता."

सुनंदाबाई सुस्कारा सोडून म्हणाली, "माले बी नही सांगं तिनी. मावशी शे मी सख्खी. मीबी नही इचारं."

गुरुजी म्हणाले, "पोरीची नोंद माझ्या शाळेत आली आहे आता. नव्या ठिकाणी गेलीस की तो मास्तर मागेल. मग पुन्हा इकडून तिकडे..."

"मागणार नाही. बसू देतील तिथं बसेल. नाही दिलं तर नाही बसणार. जित्ती तर राहील."

दुसरीतली मुलगी, वाचायला लागलेली. गुरुजींना ते ऐकवलं नाही. पण आता द्यायला त्यांच्याकडे शब्द उरला नव्हता. जो होता तो त्यांनी शनिवारीच खर्च केला होता.

बस दिसली. धुळ्याकडून येत होती की जळगावकडून, ते गुरुजींनी पाहिलं, आणि पाहिल्याचं ध्यानात आल्याबरोबर ते दचकले. पुढच्या काचेवर पाटी असणार. मास्तर माणूस, अक्षर दिसलं की डोळा आपोआप वाचतो. वाचलेलं विसरता येत नाही. उद्या कुणी टॉमी घेऊन आला, मोडलेल्या खांद्यावर पाय ठेवून उभा राहिला, तर आपण किती वेळ गप्प राहू, याचा हिशेब त्यांनी उभ्या उभ्या करून पाहिला. उत्तर खात्रीचं येईना.

त्यांनी बसकडे पाठ केली आणि शेताकडे तोंड केलं.

मागे ब्रेक करकरले. कंडक्टरनं दार उघडलं, आणि कंडक्टर गावाचं नाव ओरडणार म्हणून गुरुजी त्याच्या आधी मोठ्यानं बोलायला लागले.

"सुनंदाबाई! त्या पातेल्याला पोचा पडला ना मोठा? नवं मागवावं लागंल! डावबी वाकडा व्हयी गया व्हयी! मना तोंडवर मारा तवा वाकना का भिताडवर?"

सुनंदाबाईनं क्षणभर त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग तीही ओरडायला लागली, तितक्याच मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. "तुमना तोंडवरच वाकना! दगडनं तोंड शे तुमनं! अजून एक माराले पाहिजे व्हता!"

"मारना व्हता मंग! कोनी धरं व्हतं का तुमले?"

दोघं असे भांडत राहिले. पायऱ्यांवर लहान पावलं वाजली, दार आपटलं, घंटी झाली. कंडक्टर कुठलं तरी नाव ओरडला, पण ते त्या भांडणात गेलं. इंजिनचा आवाज लांब गेला, बारीक झाला आणि संपला.

"गयी?" गुरुजींनी शेताकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"गयी."

"धूळ बसू दे," गुरुजी म्हणाले, "मंग फिरस."